पिळलेली चादर

प्रिय,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून ते माझ्या टेबलावरच आहे. नाटक आणि चित्रकला यांच्या मधलं जे सादरीकरण तू करतेस, त्यावर कोण काय म्हणतं ते तू लिहिलंस. नाटकवाले म्हणतात, यात अभिनय कुठे आहे? चित्रकलेचे शिक्षक म्हणतात, फार नाटकी होतंय. आणि दोन डगरींवर पाय ठेवून किती दिवस उभी राहणार, हा घरच्यांचा प्रश्न. घरच्यांना उत्तर तुझ्या कामातूनच मिळेल, त्याला वेळ लागेल. नाटकवाल्यांचं म्हणणं मनाला लावून घेऊ नकोस. ‘नाटकी’ हा शब्द मात्र गंभीरपणे घे. तू पाठवलेल्या चित्रफितीत तो मलाही दिसला.

चौदाव्या मिनिटाला तू ओली चादर पिळतेस. पहिले तीन पीळ खरे आहेत. मनगटाच्या शिरा ताणल्या आहेत, पाणी ठिबकतंय, आणि मी बघतच राहिले. मग तू मान वळवून दूर कुठेतरी बघतेस आणि चेहऱ्यावर दुःख आणतेस. तिथे चादर संपली. ती हातात राहिली, पण नटाने हातात धरायची नुसती वस्तू म्हणून.

ही चूक मला लगेच ओळखू आली, कारण मी ती केली आहे. माझ्या पहिल्या सादरीकरणात मी तीन तास माती मळणार होते. पाऊण तासाने एक बाई आत आल्या. त्या बघतायत म्हणून मी दमल्यासारखा श्वास टाकायला लागले. दम अजून लागलाच नव्हता. दोन मिनिटांत त्या निघून गेल्या. पुढे खांदे खरोखर भरून आले, तेव्हा हात जे काही करू लागले ते मला कुठल्याही तालमीत बसवता आलं नसतं. बोटं आपोआप विसाव्याच्या जागा शोधत होती आणि मातीत त्यांचे वेगळेच ठसे उमटत होते. नाटक आणि चित्र मला पहिल्यांदा एका जागी भेटले ते तिथे.

म्हणून तुला माझं एकच सांगणं आहे: वस्तूला तिचं काम करू दे. तिच्या वाटणीचा अभिनय तू करू नकोस.

तादेउश कांटोरचं काम जमेल तिथून मिळवून बघ. पोलंडचा हा माणूस चित्रकला शिकलेला, नेपथ्य करणारा, आणि मग दिग्दर्शक झालेला. १९७५ साली क्राकोमध्ये त्याने ‘मृत वर्ग’ केलं. शाळेचे जुने बाक, त्यांवर म्हातारी माणसं, आणि त्यांच्या अंगाखांद्यावर त्यांच्याच बालपणाचे पुतळे. पाठीवर पुतळा घेऊन चालणाऱ्याला वाकण्याचा अभिनय करावा लागत नाही. त्या पुतळ्यात शिल्प किती आणि नाटक किती, हे वेगळं काढता येतं का बघ. मला आजवर आलेलं नाही. कांटोर स्वतः काळ्या सुटात रंगमंचावरच वावरायचा, हाताने नटांना खुणा करायचा. आपल्याच चित्राच्या आत उभा राहिलेला चित्रकार! हे बघताना मला दर वेळी भरून येतं.

त्याच्या बऱ्याच आधी, १९२२ साली, जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये चित्रकार-शिल्पकार ऑस्कर श्लेमरचा ‘ट्रायाडिक बॅले’ झाला: ३ नर्तक, १८ पोशाख. पोशाख असे फुगीर, गोल, टणक की हात कुठवर जाणार हे तेच ठरवायचे. वेशभूषा म्हणजे नटाला सजवणं, हा समज तो बॅले बघितल्यावर टिकत नाही.

आता तू विचारशील, मग भूमिका घ्यायचीच नाही का? घे ना. आपल्याकडचा सादरीकरण करणारा कलाकार निखिल चोप्रा वेश चढवतो, रंग लावतो, पात्र उभं करतो आणि त्या पात्राच्या हाताने तास न् तास खरं, प्रचंड मोठं चित्र काढतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात २०१९ साली त्याचं असं सादरीकरण ९ दिवस चाललं. पात्र कल्पनेतलं, पण कोळसा खरा, मळलेले हात खरे. नट चेहऱ्याला लावतो तोही रंग आणि चित्रकार कापडाला लावतो तोही रंगच, हे आपल्या भाषेला आधीपासून ठाऊक आहे.

वेळेचंही तसंच. तैवानमध्ये जन्मलेला कलाकार तेहचिंग श्ये याने ११ एप्रिल १९८० पासून वर्षभर, दर तासाला, कारखान्यातल्यासारख्या हजेरीच्या घड्याळात कार्ड पंच केलं आणि प्रत्येक वेळी फिल्मची एक चौकट टिपली. सुरुवातीला त्याने डोकं भादरलं होतं. केस वाढत जातात, चेहरा ओढत जातो. काळ त्याच्या अंगावर काम करतो. एकूण ८,७६० वेळा पंच करायचं होतं, त्यातले १३३ चुकले, आणि ते चुकलेलेही त्याने मोजून नोंदवले. कामाची नोंद ठेवायला शिकशील तेव्हा हा प्रामाणिकपणा आधी शिक. चांगला प्रकाश, चांगला कोन हे नंतर.

एका बाबतीत मी कडक बोलणार आहे. स्वतःचं शरीर वापरून सादरीकरण करणाऱ्या मरिना अब्रामोविचच्या १९७४ च्या, इटलीतल्या नेपल्समधल्या कामाबद्दल तू फार उत्साहाने लिहिलंस. टेबलावर ७२ वस्तू, आणि ६ तास लोकांनी तिच्याशी वाटेल ते करावं. मोठं काम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण लोकांनी तिला जखमा केल्या, भरलेलं पिस्तूल तिच्यावर रोखलं गेलं. शरीर धोक्यात घातलं की काम आपोआप खरं होतं, असं समजू नकोस. प्रेक्षकांना हात लावू देणारं काहीही करायचं असेल, तर थांबवण्याचा अधिकार असलेलं विश्वासाचं माणूस खोलीत हवंच. थांबवण्याचा शब्द आधी ठरवून ठेवायचा आणि तो उच्चारला की काम थांबलंच पाहिजे.

नाटकाच्या शाळेत प्रवेश घ्यावा की चित्रकलेच्या, हा तुझा प्रश्न; तर जिथे हाताला काम जास्त मिळेल तिथे. दुसरी बाजू मग शेजाऱ्यासारखी रोज भेटत राहील, तिच्या तालमींना जाऊन बस. याहून जास्त विचार त्यावर खर्च करू नकोस.

तीच चादर पुन्हा घे. एक तास पीळ, सोड, भिजव, पुन्हा पीळ. नजर चादरीवर. कॅमेरा लावू नकोस. दर दहा मिनिटांनी वहीत एकच ओळ लिही: हात आत्ता काय करतायत. मनात काय चाललंय ते नको. शेवटचा पीळ न उलगडता चादर तशीच वाळू दे. वाळल्यावर रिकाम्या भिंतीवर लाव आणि ज्याने तुला पिळताना पाहिलेलं नाही अशा कुणाला तरी तिच्यापुढे उभं कर. तो तिथे किती वेळ थांबतो ते बघ, आणि वहीची पानं मला पाठव.

तुझी,
ताई