घराला कुलूप होतं म्हणून मतदार यादीतून नाव कापलं. मोर्चा काढला तर गुन्हा दाखल होईल का?

प्रश्न: आमचं गाव बीड जिल्ह्यात. वस्तीतली बहुतेक घरं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, माझे आई-वडीलही. मी मागे राहून पोलीस भरतीची तयारी करतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची प्रारूप यादी लागली तर वस्तीतली ४२ नावं गायब. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) गुरुजी म्हणाले, कुणीतरी सात नंबरचे, म्हणजे नाव वगळायचे अर्ज दिले, पाहणीला गेलो तेव्हा घरांना कुलपं होती, म्हणून ‘स्थलांतरित’ असा शेरा पडला. हे सत्ताधारी पॅनेलचं काम आहे असं सगळे बोलतात. समोरच्या गटाच्या पुढाऱ्याने निरोप धाडलाय की नावं आम्ही परत घालतो, मतदानाला कारखान्यावर गाड्याही पाठवतो, तेवढं मताचं आत्ताच ठरवून टाका. आम्ही तहसीलवर मोर्चा काढून उपोषणाला बसायचं ठरवलं. निवेदन दिलं तर दुसऱ्याच दिवशी ठाण्यातून माझ्या नावाने कलम १६८ ची नोटीस आली. जिल्ह्यात पोलीस अधिनियमाचं ३७(१)(३), म्हणजे जमावबंदी लागू आहे म्हणे. गुन्हा दाखल झाला तर माझी भरती जाईल का? आणि न्याय मिळेपर्यंत गावाने मतदानावर बहिष्कार टाकला तर चालेल का?

उत्तर: मोर्च्याचं नंतर बघू. तुमची मुदत पोलीस ठाण्यात नाही, मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या टेबलावर संपत चालली आहे. आधी तिकडे पळा.

आजच्या आज एक काम करा. ४२ जणांच्या मतदार ओळखपत्रांचे नंबर गोळा करा आणि प्रत्येकाचं नाव विधानसभेच्या यादीत आहे का ते आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा १९५० या क्रमांकावर तपासा. ग्रामपंचायतीची म्हणून वेगळी यादी कुणी तयार करत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२ नुसार विधानसभेचीच यादी, राज्य निवडणूक आयोग ठरवेल त्या तारखेची, घेऊन ती प्रभागवार फोडतात. नाव विधानसभेच्या यादीत असेल आणि फक्त प्रभागाच्या यादीतून सुटलं असेल, तर प्रारूप यादीवर मुदतीत हरकत द्या, तहसीलदार ती चूक दुरुस्त करू शकतात. पण नाव विधानसभेच्या यादीतूनच उडालं असेल, तर तुमच्या हरकतीवर तहसीलदार हात वर करतील, आणि कायद्याने त्यांचं ते बरोबर असेल. मूळ यादीत नसलेलं नाव प्रभागाच्या यादीत घालायचा अधिकार त्यांना नाही. गुरुजींच्या बोलण्यावरून तुमच्याकडे हेच झालेलं दिसतं.

तसं असेल तर भांडण लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० खाली येतं, आणि तिथे तुमची बाजू चांगली भक्कम आहे. कलम २०(१-अ) सरळ सांगतं: आपल्या राहत्या ठिकाणापासून तात्पुरतं दूर गेलेल्या माणसाचं तिथलं रहिवासीपण तेवढ्याने संपत नाही. फडावर कोपी बांधून चार-सहा महिने काढायचे आणि पट्टा पडला की गावी परतायचं, यापेक्षा तात्पुरतं जाणं आणखी कोणतं? जुनी पिढी तर पंधरा-वीस हंगाम अशीच गेली आणि प्रत्येक वेळी परत आली. कुलूप दिसणं हा स्थलांतराचा पुरावा नाही. ऐन हंगामात बीडच्या कुठल्याही वस्तीवर पाहणीला गेलं तर कुलूपच दिसणार, हे गुरुजींनाही ठाऊक असतं.

दुसरा मुद्दा सुनावणीचा. कलम २२ खाली ‘इथे राहत नाही’ या कारणाने नाव वगळण्याआधी त्या माणसाला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लाल बाबू हुसेन खटल्यात, दिल्ली आणि मुंबईतल्या झोपडवस्त्यांना पाठवलेल्या नोटिसांच्या संदर्भात, हे बजावून सांगितलं: आधीपासून यादीत असलेल्या नावाला वजन आहे आणि ते काढायचं तर नोटीस, सुनावणी, पुरावा हे सगळं हवं. कुलूप लावलेल्या दारावर नोटीस चिकटवली आणि माणूस दोन-तीनशे किलोमीटरवर ऊस तोडतोय, याला कुणी संधी म्हणू नये. अलीकडचा आधारही जोडा. बिहारच्या मतदार यादी पुनरीक्षणात वगळलेल्या सुमारे ६५ लाख नावांची यादी कारणांसह जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२५ ला दिला होता. नाव का गेलं हे मतदाराला कळलंच पाहिजे, एवढ्यासाठी तो उपयोगी आहे.

आता कागद कोणते करायचे? मतदार नोंदणी अधिकारी म्हणजे बहुधा तुमचे प्रांत. त्यांच्याकडे ४२ जणांविरुद्धच्या नमुना ७ च्या अर्जांच्या, पाठवलेल्या नोटिसांच्या आणि वगळल्याच्या आदेशांच्या साक्षांकित प्रती मागा. माहिती अधिकारात टाकलात तर तीस दिवस वाट बघत बसाल. मतदार नोंदणी नियम, १९६० प्रमाणे ही कागदपत्रं पाहण्याचा आणि शुल्क भरून प्रती घेण्याचा हक्क आहे, त्याचाच उल्लेख करून मागा. त्याच दिवशी प्रत्येकाचं लेखी म्हणणं आणि नमुना ६ चा, म्हणजे नाव नोंदवायचा नवा अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. वगळण्याच्या आदेशावर कलम २४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिलं अपील पंधरा दिवसांत, तिथे हरलात तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं अपील तीस दिवसांत. आदेश कधी झाला हेच तुम्हाला माहीत नाही, म्हणून प्रत हातात पडल्याच्या दिवसापासून मुदत मोजावी ही विनंती अपिलातच लिहा. आधी नोंदणी अधिकाऱ्यापुढे म्हणणं मांडलं नाही, असा मुद्दा अपिलात निघतो, म्हणून ते लेखी म्हणणं टाळू नका.

इथे एक धोका आहे, आणि तुमच्यासारखी धडपडी पोरं त्यातच सापडतात. आई-वडील फडावर, शेजारी फडावर, मग एकटाच बसून सगळ्यांच्या सह्या-अंगठे उरकून टाकायचे. ते अजिबात करू नका. घरातल्या माणसांचे अर्ज घरातल्या एकाने नेऊन दिले तर चालतं, पण सही ज्याची त्याचीच हवी. आणि अर्जांची थप्पी एकाच माणसाकडून घेऊ नये अशा आयोगाच्या सूचनाही आहेत. फोन आहे तिथे ऑनलाइन अर्ज करवून घ्या. नाही तिथे एक दिवस काढून कारखान्यावर जा. पुराव्याला रेशनकार्ड, रोहयोचं जॉब कार्ड, आणि ग्रामसेवकामार्फत मिळालेलं ऊसतोड कामगार महामंडळाचं ओळखपत्र असेल तर ते सगळ्यात आधी जोडा. माणूस तुमच्या गावचा आहे आणि ऊसतोडीला जातो, या दोन्ही गोष्टी सरकारनेच त्यात लिहून दिल्या आहेत. एखाद्याने मधल्या काळात कारखान्याच्या गावी नाव नोंदवलं असेल तर मात्र त्याचा अर्ज वेगळा काढा. दोन ठिकाणी नाव चालत नाही आणि खोट्या प्रतिज्ञेवर त्याच १९५० च्या कायद्याचं कलम ३१ लागतं.

तेच कलम ३१ समोरच्यालाही लागतं. माणूस गावचाच आहे हे माहीत असून ‘स्थलांतरित’ म्हणून नमुना ७ वर सही करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण अर्जाची प्रत हातात येईपर्यंत कुणाचं नाव भाषणात किंवा व्हॉट्सॲपवर घेऊ नका. शेजारच्या कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद मतदारसंघात २०२३ च्या विधानसभेआधी नावं वगळायचे ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले होते. तपासल्यावर त्यातले फक्त २४ खरे निघाले, हे आयोगानेच सांगितलं आणि गुन्हाही नोंदवला गेला. तिथे ज्यांच्या नावाने अर्ज गेले होते त्यांच्यातल्या काहींना त्याचा पत्ताच नव्हता. तुमच्या गावातही अर्जावर ज्याचं नाव आहे त्याने तो भरलाच नसेल, असं होऊ शकतं. गुरुजींच्या मागे लागण्यातही अर्थ नाही. कर्तव्यात कसूर केल्याबद्दल कलम ३२ आहे, पण आयोग किंवा मुख्य निवडणूक अधिकारी यांच्या अधिकाराने तक्रार आल्याशिवाय न्यायालय त्याची दखल घेत नाही. उलट गुरुजी खरं बोलायला तयार असतील तर ते तुमचे साक्षीदार आहेत.

कडू गोष्टही सांगतो. राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेली तारीख उलटून गेली असेल, तर नमुना ६ ने परत आलेलं नाव या निवडणुकीला धरलं जाणार नाही. पुढच्या सगळ्या निवडणुकांना धरलं जाईल. मग वगळण्याचा आदेशच बेकायदा आहे म्हणून छत्रपती संभाजीनगर खंडपीठात रिट याचिका, एवढी एक वाट उरते. तीही निवडणूक कार्यक्रम जाहीर होण्याआधी. एकदा कार्यक्रम लागला की न्यायालयं सहसा हात घालत नाहीत. निकालानंतर पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे निवडणूक अर्ज करता येतो, पण यादीतली नावं चुकीने गेली हा मुद्दा तिथे टिकणं फार अवघड. अंतिम झालेली यादी निवडणूक याचिकेत उकलत बसायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच ठरवून टाकलं आहे. म्हणून म्हटलं, आधी प्रांताकडे पळा. आपल्याकडे १४,२३४ ग्रामपंचायतींचं मतदान १५ जानेवारी २०२१ ला ठेवलं होतं, म्हणजे निम्मं बीड फडात असताना. या तारखा ठरवणाऱ्यांना कोयता दिसत नाही असं माझं मत आहे, पण ते न्यायालयात कामाला येणारं नाही.

पुढाऱ्याचा निरोप मोबाइलवर आला असेल तर जपून ठेवा आणि उत्तर देऊ नका. मताच्या बदल्यात काहीही देऊ करणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० खाली लाच आहे आणि घेणाराही त्यात येतो. शिवाय नावं ‘घालून देणारा’ तो कोण? अर्ज तुम्हीच केलात तर त्याच्या उपकाराचा प्रश्नच उरत नाही.

आता नोटीस. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८ म्हणजे जुनं १४९. ही नोटीस म्हणजे गुन्हा नाही, आरोप नाही. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांनी दिलेली समज आहे. ती आली म्हणून मोर्चा बेकायदा ठरत नाही. लेखी उत्तर द्या: तारीख, वेळ, मार्ग, अंदाजे माणसं, जबाबदार तिघांची नावं, ध्वनिक्षेपक लावणार की नाही. ३७(१)(३) बद्दल सांगायचं तर हा आदेश आपल्या जिल्ह्यांत पंधरा-पंधरा दिवसांनी निघतच असतो. तो विनापरवानगी जमावाला असतो, म्हणून परवानगी मागा आणि नाकारली तर कारण लेखी मागा. सरसकट नाकारता येत नाही, आणि याचा दाखला तुमच्याच जिल्ह्यातला आहे: २०२० मध्ये माजलगावच्या लोकांना नागरिकत्व कायद्याविरुद्ध ईदगाह मैदानावर शांततेने बसायचं होतं, बीडच्या अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांचा ३७ चा आदेश आड आला, आणि औरंगाबाद खंडपीठाने तो रद्द केला. त्या निकालाची प्रत अर्जाला जोडा.

परवानगी नसताना पाच किंवा जास्त माणसं घेऊन बसलात तर साधारणपणे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं १३५ आणि न्याय संहितेचं २२३ लागतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७० खाली उचललं तर चोवीस तासांच्या वर ठेवता येत नाही. चॅप्टर केसचाही, म्हणजे शांतता राखायचं बंधपत्र लिहून घेण्याचाही प्रयत्न होईल, आणि त्यात गंमत बघा: ती चालते कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे, म्हणजे बहुधा त्याच तहसीलदारापुढे ज्यांच्या दारात तुम्ही उपोषणाला बसणार! म्हणून जागा थोडी बदला. मागणी प्रांताकडे आहे तर निवेदन प्रांत कार्यालयात द्या आणि बसायचं तर ठरवून दिलेल्या मैदानात. कार्यालयाचं दार अडवणं, यादी हिसकावणं, कर्मचाऱ्याच्या अंगावर जाणं यातलं काहीही झालं तर न्याय संहितेचं कलम १३२ येतं, ज्याला अजून सगळे ‘तीनशे त्रेपन्न’ म्हणतात. ते अजामीनपात्र आहे. मोर्च्यात एखादा उपरा दगड उचलायला लागला तर तुम्हीच त्याचा व्हिडिओ काढून पोलिसांना द्या.

भरतीचं उत्तर यावरच अवलंबून आहे. १६८ ची नोटीस गुन्ह्याच्या नोंदीत येत नाही. १३५ किंवा २२३ लागलं तरी तेवढ्यावरून नोकरी जातेच असं नाही. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णयही वेळोवेळी निघतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग निकालात गुन्ह्याचं स्वरूप बघूनच निर्णय घ्या असं सांगितलं आहे. पोरं अडकतात ती लपवून. भरतीत भरून घेतात त्या साक्षांकन नमुन्यात ‘गुन्हा दाखल आहे का’ या रकान्यात असेल ते लिहा, चॅप्टर केस झाली असेल तर तीही लिहा. पण १३२ लागलं तर पोलीस दलातली वाट खरोखर बिकट होते. तुम्हाला खरंच वर्दी घालायची असेल तर आयोजक म्हणून पहिली सही वस्तीतल्या एखाद्या ज्येष्ठाची घ्या आणि तुम्ही कागदांचं काम सांभाळा. तेच जास्त अवघड आहे.

बहिष्काराबद्दल: स्वतः मत न देणं हा गुन्हा नाही. दुसऱ्याला मतदान केंद्रावर जाऊ न देणं, वाळीत टाकायची धमकी देणं हा गुन्हा आहे, न्याय संहितेचं १७१ आणि १७४. आणि ज्याने ४२ नावं कापली असं तुम्ही म्हणता, त्याला उरलेल्या वस्तीनेही घरी बसावं याहून काय हवं?