पोराची पोरगी झाली. मग ‘मी गेलो’ की ‘मी गेले’?

लातूरहून एका कथालेखकाने विचारलं आहे. त्यांच्या गोष्टीतला किरण चाळिशीतला, गंजगोलाईत दुकान असलेला. एका रात्री तो मागच्या काळात जातो, १९९२ सालात, औसा तालुक्यातल्या आपल्या गावी. तिथं त्याला चौथीतला किरण भेटतो. मोठा लहान्याला बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, उतरवतो, तिथलं पाणी पाजतो आणि पोराची पोरगी होते. किरणला लहानपणापासून तेच हवं होतं. आता लेखकाचे प्रश्न दोन. ‘लिंगबदल’ हा शब्द गोष्टीत दगडासारखा लागतो, त्याला दुसरा शब्द काय? आणि बदल झाल्यावर निवेदकाने स्वतःबद्दल ‘गेलो’ लिहायचं की ‘गेले’, लहानग्याला ‘तो’ म्हणायचं की ‘ती’?

पहिल्याचं उत्तर त्यांच्या पत्रातच आहे. वरचं ‘पोराची पोरगी होते’ हे शब्द त्यांचेच, मी नुसते उचलले. ‘लिंगबदल’ला दवाखान्याचा आणि बातमीच्या मथळ्याचा वास येतो. ‘लिंगभाव’ हा अभ्यासकांचा शब्द, चर्चेत चांगला, पण बारवेच्या पायरीवर बसून कुणी तो उच्चारणार नाही. शिवाय परळी, औंढा आणि वेरूळ ज्या मुलखात आहेत तिथं नुसतं ‘लिंग’ म्हटलं की म्हातारं माणूस आधी हात जोडतं. गावातली आजी म्हणेल ते एवढंच: पोराची पोरगी झाली.

या साध्या वाक्यात एक गंमत आहे. दुधाचं दही, दुधाची साय. दूध तेच, पण ‘चं’ आला तो दह्यामुळे आणि ‘ची’ आली ती सायीमुळे. प्रत्यय लागतो आधीच्या वस्तूला आणि ऐकतो नंतरच्या वस्तूचं. ‘पोराची पोरगी’मध्येही ‘ची’ पोराला चिकटली आहे, पण ती पोरगीची आहे. आधी काय होतं त्यापेक्षा शेवटी काय झालं, याला आपलं व्याकरण मान देतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची किल्लीही मला इथंच दिसते.

‘मी गेलो’तला ‘लो’ कुणाचा? जाण्याच्या क्षणी जो होता त्याचा, असं आपण धरून चालतो. पण तो बोलणाऱ्याचा असतो, बोलतानाचा. जी बाई मुलगा म्हणून वाढवली गेली, ती आज आपल्या लहानपणाबद्दल ‘मी चौथीत होते’ असंच सांगते, आणि ते बरोबर आहे. तिच्या ‘होते’मध्ये चौथीचं वर्ष नाही, आजचा दिवस आहे. म्हणून तुमची गोष्ट जर सगळं होऊन गेल्यावर किरण सांगत असेल, तर पहिल्या वाक्यापासून ‘गेले’ लिहा. घडत जाईल तशी सांगत असेल, तर बारवेपर्यंत ‘गेलो’ आणि तिथून पुढे ‘आले’. मधे खुलाशाचा परिच्छेद टाकू नका. लहानगं पाणी पितं आणि मोठ्याचं क्रियापद बदलतं, यापेक्षा चांगला धक्का तुम्हाला कुठल्याही कालयंत्रात मिळणार नाही.

धक्का लागेपर्यंत वाचकाला अंधारात ठेवायचं असेल तर प्रमाण मराठी बरीच साथ देते. ‘मी दार उघडलं’, ‘मी त्याला हाक मारली’: इथं क्रियापद कर्माच्या मागे जातं किंवा कुणाच्याच मागे जात नाही, ‘मी’ पुरुष की बाई ते झाकलेलं राहतं. ‘मला दिसलं’, ‘मला आठवलं’ही तसंच. भविष्यकाळात तर प्रश्नच नाही, ‘मी जाईन’ दोघांचंही. फसाल ते पिणे, शिकणे, विसरणे, भेटणे अशा क्रियापदांत. ‘मी पाणी’ म्हटलं की पुढे ‘प्यालो’ नाहीतर ‘प्याले’ आलंच. नेमकं तुमचं पाणी पिण्याचंच प्रकरण आहे, तेव्हा जपून.

पण हे झालं पुस्तकी मराठीचं. किरणला तुम्ही लातूरकडचं बोलायला लावलंत तर झाकण उडालंच समजा. आमच्या मामांनी कधी ‘मी चहा केला’ म्हटलेलं मला आठवत नाही. ते ‘मी चहा केलो’ म्हणायचे. चहा राहिला बाजूला आणि क्रियापद मामांच्या मागे गेलं. चालू काळातही तेच. पुस्तकातला ‘मी जेवत आहे’ काही सांगत नाही, आपल्याकडचा ‘मी जेवायलो’ आणि ‘मी जेवायले’ सगळं सांगतो. (कोल्हापूरकडे बायकाही ‘मी येतो’ म्हणतात, तिथं तुमची गोष्ट निराळीच लिहावी लागली असती.) माझा कौल असा: निवेदन प्रमाण मराठीत, संवाद आपल्या बोलीत. म्हणजे निवेदन लपवतं आणि तोंड उघडलं की फुटतं.

लहानग्याला काय म्हणायचं? ‘छोटा मी’ नको, ते भाषांतर वाटतं. आपल्याकडे ‘लेकरू’ आहे की. लेकरू रडलं, लेकरू घाबरलं, लेकरू पाणी प्यालं. ना ‘तो’ ना ‘ती’. आणि हे नपुंसकलिंग कुणाला टोचतही नाही, उलट त्यात माया आहे. चाळीस वर्षांच्या माणसालाही म्हातारी ‘काय लेकरा’ म्हणते. हाक मारताना ‘अरे’ आणि ‘अगं’ मात्र हातचे राखून ठेवा. बारवेच्या आधी नुसतं ‘ए लेकरा, थांब’, ‘पी’, ‘घाबरू नकोस’. पाणी प्याल्यावर पहिल्यांदा ‘अगं’.

किरण हे नाव मात्र झकास निवडलंत, पोरालाही चालतं आणि पोरीलाही. शाळेच्या हजेरीपटावर बापाचं नाव आणि आडनाव तेच राहणार. नावाआधी ‘कु.’ असलं तरी ते कुमारचं की कुमारीचं, कागद सांगत नाही. जाता जाता: १९९२ मध्ये उतरलेल्या किरणला एस.टी.च्या पाटीवर औरंगाबाद आणि उस्मानाबादच दिसू द्या. तुमच्या पत्रातल्या मसुद्यात ‘छत्रपती संभाजीनगर’ आणि ‘धाराशिव’ पडलं आहे.

एक बारीक जागा. मसुद्यात ‘मी स्वतःला पाहिलं’ असं आहे. ते आरशात पाहिल्यासारखं वाटतं. ‘मी मला पाहिलं’ लिहा. एरवी हे वाक्य शिक्षक तांबड्या शाईने खोडतील, पण इथं ‘मी’ आणि ‘मला’ ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि ती फट ‘स्वतःला’ने बुजते.

हा खेळ आपल्या मुलखाला नवा नाही. पैठणच्या एकनाथांनी कितीतरी भारुडं बाईच्या तोंडून बोलवली, ऐकणाऱ्यांना त्यात काही खटकलं नाही. आणि गंगाखेडची जनाबाई, नरसीचे नामदेव यांचे अभंग काढून बघा: ‘जनी म्हणे’, ‘नामा म्हणे’. दासी असो की शिंपी, क्रियापद एकच. हा संतांच्या वेळचा वर्तमानकाळ. पुढे त्याचाच रीतिभूतकाळ झाला, म्हणजे नेहमी घडायचं ते सांगणारा: ‘मी जाई’, ‘मी बसे’. तोही लिंग विचारतच नाही. आठवणीच्या एखाद्या परिच्छेदात वापरून बघा, पण एकाच. गोष्टभर ‘जाई’, ‘बसे’ आणि ‘मला वाटलं’ केलंत तर वाचकाला लेखक काहीतरी लपवतोय एवढंच कळत राहील.

शेवटी बारवेचं ते वाक्य. तुम्ही तिथं सहा ओळी खर्च केल्या आहेत: प्रकाश, भोवळ, अंगावर काटा. माझ्या मते दोन ओळी पुरतात. ‘आम्ही’ला पुरुष-बाई चालतं, ‘उतरलो’ आणि ‘आलो’ दोघांनाही चालतं. फक्त संख्या बोलते. दोन पुरुष असले तर ‘दोघे’, दोन बायका असल्या तर ‘दोघी’, आणि बोलताना ‘दोघे’चं ‘दोघं’ होतंच. मग असं:

आम्ही दोघं बारवेत उतरलो.
आम्ही दोघी वर आलो.

छापायला देताना मुद्रितशोधकाला आधी सांगून ठेवा. नाहीतर दुसऱ्या ओळीतली ‘दोघी’ ही चूक समजून तो इमानदारीने दुरुस्त करील.