लाल अक्षरांतले आकडे आणि पाळीचा २१ वा दिवस

"हार्मोन्सच्या रिपोर्टमध्ये आकडे लाल आले आहेत, म्हणजे मला मूल होणार नाही का?" हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो आणि विचारणाऱ्या मुलीने बहुधा डॉक्टरांना भेटण्याआधीच लॅबचे पॅकेज करून घेतलेले असते. डिचोली तालुक्यातून आईसोबत आलेल्या एका २६ वर्षांच्या मुलीची हकीकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे देत आहे.

तिची पाळी काही वर्षांपासून ४० ते ५० दिवसांनी येत असे. लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा तिने म्हापशाला जाऊन रक्त दिले. प्रोजेस्टेरॉन अगदी कमी, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध येण्याशी संबंधित हार्मोन) ३४, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त, आणि एलएच व एफएसएच या स्त्रीबीजाच्या वाढीशी संबंधित दोन हार्मोन्सपैकी एलएच दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त, असा रिपोर्ट हाती आल्यावर तिने मोबाइलवर शोधून स्वतःपुरती तीन निदाने ठरवली होती: स्त्रीबीज तयार होत नाही, मेंदूत गाठ आहे आणि पीसीओडी (बीजकोशांचा हार्मोन्सशी निगडित विकार, डॉक्टर त्याला पीसीओएस म्हणतात) आहे. आईची काळजी निराळी होती. "मॅडम, हे मुलाकडच्यांना आधीच सांगायचे का?"

रक्त पाळीच्या कितव्या दिवशी दिले, हे मी विचारले. "२१ व्या, तसेच सांगितले होते." प्रोजेस्टेरॉन स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर वाढते आणि पुढची पाळी येण्यापूर्वी सुमारे सात दिवस ते सर्वांत जास्त असते. पाळी २८ दिवसांची असेल तर तो दिवस २१ वा येतो. ४५ दिवसांच्या पाळीत तो ३८ च्या आसपास पडतो. २१ व्या दिवशी तिचे स्त्रीबीज बहुधा बाहेर पडलेच नव्हते, त्यामुळे कमी आकड्यावरून ते पुढे पडले की नाही हे कळणे शक्य नव्हते. शिवाय ते २१ दिवस मोजले कुठून, हेही पाहावे लागले. घरी पाच दिवसांचा गणपती. चवथीला पाळी येऊ नये म्हणून तिने पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या. विसर्जनाला गोळ्या बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी अंगावरून गेले, तोच तिने पहिला दिवस धरला. तो गोळ्या थांबल्यामुळे झालेला रक्तस्राव होता, तिच्या स्वतःच्या चक्राची पाळी नव्हे. (सणासाठी या गोळ्या शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नयेत, हे माझे ठाम मत आहे, रक्ताची गुठळी पूर्वी झालेल्या स्त्रीला तर त्या धोक्याच्या ठरू शकतात.)

आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत, असे विचारल्यावर "काही नाही" असे उत्तर आले. आईने मात्र पर्समधून पित्ताच्या कॅप्सूलचे पाकीट काढले. ती रोज सकाळी घेतली जात होती आणि तिच्यात डॉम्पेरिडोन हे मळमळ थांबवणारे औषध होते. डॉम्पेरिडोनने प्रोलॅक्टिन वाढते; अपुऱ्या झोपेने आणि ताणानेही ते थोडे चढते. तिला मी हा रिपोर्ट, गोळ्यांची नावे आणि पाळीच्या तारखा घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले.

डॉक्टरांनी कॅप्सूल थांबवून काही दिवसांनी प्रोलॅक्टिन पुन्हा तपासले, ते मर्यादेत आले; थायरॉइडही ठीक होते. एलएच आणि एफएसएचच्या प्रमाणावरून निदान करता येत नाही, असे त्यांनी सांगितले. पीसीओएसचे निदान मात्र झाले, कारण ३५ दिवसांहून लांबणारी पाळी आणि हनुवटीवरचे राठ केस ही दोन लक्षणे, इतर कारणे वगळल्यावर, प्रौढ स्त्रीत त्याला पुरेशी असतात. ज्या केसांबद्दल ती संकोचाने बोलत नव्हती, त्यांनीच लाल आकड्यांपेक्षा जास्त सांगितले. वयात येऊन थोडीच वर्षे झालेल्या मुलींना मात्र हा निकष जसाच्या तसा लावू नये.

मूल होण्याविषयी मी आईला स्पष्ट सांगितले, की पीसीओएस असलेल्या पुष्कळ स्त्रियांना मूल होते. काहींना स्त्रीबीज बाहेर पडण्यासाठी लेट्रोझोलसारखे औषध लागते. मुलाकडच्यांना काय सांगायचे ते मुलीनेच ठरवायचे होते, आणि ती मुलाशी स्वतः बोलली. सध्या ती कॅलेंडरवर तारखा लिहिते आणि गोळीमुळे झालेल्या रक्तस्रावापुढे वेगळी खूण करते. साखर आणि रक्तदाब तपासून घ्यायचे आहेत, आणि ९० दिवस पाळी आली नाही तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहू नये म्हणून पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे यायचे आहे.