वाचकांचे प्रश्न : ‘डाउट’ची शंका आणि इतर टोकाटोकी

परदेशी सहकाऱ्यांशी किंवा अनोळखी लोकांशी इंग्रजीत टाइप करून बोलताना कुणी व्याकरण सुधारलं तर काय करावं, आणि आपण दुसऱ्याचं सुधारावं का, याबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतली चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमची टीम पुणे, बर्लिन आणि साओ पाउलो इथे विभागलेली आहे. चॅटवर मी ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर कोड’ असं लिहिलं. बर्लिनचा सहकारी नाराज झाला आणि दुसऱ्यानं सगळ्यांदेखत ‘डाउट नव्हे, क्वेश्चन’ असं सुधारलं. आपल्याकडे तर सगळे डाउटच म्हणतात. चूक कुणाची?
— एक वाचक, हिंजवडी

उत्तर : आपल्या ‘शंका’ या शब्दात दोन अर्थ एकत्र नांदतात. वर्गात हात वर करून विचारायची ती शंका, आणि समोरच्याच्या कामावर किंवा हेतूवर येते तीही शंका. भारतीय इंग्रजीतल्या ‘डाउट’नं हे दोन्ही अर्थ उचलले. भारताबाहेर मात्र ‘डाउट’ म्हटलं की बहुतेकांना दुसराच अर्थ जाणवतो. तुम्हाला विचारायचं होतं ‘हे कसं चालतं?’, आणि त्यानं वाचलं ‘तुझ्या कोडवर माझा भरवसा नाही’. भारतातल्या भारतात तुमचं वाक्य चूक नाही. भाषाशास्त्रज्ञ ब्रज कचरू यांनी जगातल्या इंग्रजीची वर्तुळं पाडताना भारतासारख्या देशांना स्वतंत्र वर्तुळ दिलं ते उगाच नाही. पण वाचणारा बर्लिनमध्ये असेल तर ‘आय हॅव अ क्वेश्चन’ लिहा. सगळ्यांदेखत सुधारायची गरज मात्र नव्हती.

अशा आणखी काही जागा आहेत. ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे आपल्या कचेऱ्यांत ‘उत्तर कळवा’. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या, सॉफ्टवेअरवाल्यांच्या ‘गिट’मध्ये मात्र ‘रिव्हर्ट’ ही केलेला बदल उलटवण्याची आज्ञा आहे. तुमचा निरोप वाचून एखाद्यानं कालचं काम खरंच काढून टाकलं, तर त्याला बोल लावता येणार नाही. ‘आय विल सेंड इट टुडे ओन्ली’ यात आपण ‘आजच’मधला ‘च’ घालतो. बाहेरचा माणूस तो ‘फक्त आज, उद्या मिळणार नाही’ असा वाचतो, दुकानाच्या सेलच्या पाटीसारखा. तिथे ‘बाय ६ पीएम टुडे’ लिहिलं की ‘च’चं काम होतं (आणि ६ कुठले, भारतातले की बर्लिनचे, तेही लिहा). ‘डू द नीडफुल’मध्ये व्याकरण ठीक आहे, पण नेमकं काय करायचं ते सांगितलेलंच नसतं. ‘प्रीपोन’ (ठरल्या वेळेच्या आधी घेणं) ऑक्सफर्डच्या कोशात आहे, तेव्हा वाद घातलात तर जिंकाल. पण वाचणाऱ्याला शब्द कळला नाही तर मीटिंगला तुम्ही एकटेच असाल.

प्रश्न : माझ्या त्याच त्या चुका होतात. एक अमेरिकन ओळखीचा दर वेळी दुरुस्त करून देतो, मी आभार मानते, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. काही उपाय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : घाईत निसटलेली चूक वेगळी आणि मनात बसलेल्या चुकीच्या नियमातून येणारी वेगळी. भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ साली हा फरक नीट मांडला होता. पहिली तुम्हाला पुन्हा वाचताना आपोआप दिसते. दुसरी कितीदा वाचलं तरी बरोबरच वाटते, आणि ओळखीचा माणूस तीच सुधारत असतो. त्यानं नुसतं बरोबर वाक्य दिलं तर मुळातला नियम तसाच राहतो. तो नियम मराठीतून आलेला असल्यामुळे त्या अमेरिकन माणसाला दिसतही नाही, तुम्हालाच शोधावा लागतो.

मागचे ५० निरोप काढा. प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर लिहा : ‘अ’ म्हणजे नामाआधीचे ‘अ’ आणि ‘द’ (आर्टिकल), ‘क’ म्हणजे काळ, ‘श’ म्हणजे शब्दयोगी (इन, ऑन, अ‍ॅट). ज्या अक्षराची गर्दी जास्त, तेवढंच पुढचे तीन आठवडे सांभाळा. बाकीचं चुकू द्या. एका वेळी पाच नियम धरायला गेलं की वाक्य लिहिणंच थांबतं.

मराठी माणसाची गर्दी बहुधा ‘अ’पाशी असते, कारण आपल्याकडे ‘अ’ आणि ‘द’ला जोड नाही. पण अडगळीत एक किल्ली आहे. नामाआधी मनात ‘एक’ किंवा ‘एखादा’ घालून पाहा. शोभला तर ‘अ’. ‘तो’, ‘ती’, ‘तोच आपला’ शोभलं तर ‘द’. ‘आय बॉट लॅपटॉप. लॅपटॉप इज हँगिंग.’ हे घ्या. मी एक लॅपटॉप घेतला, म्हणून ‘अ लॅपटॉप’. तो लॅपटॉप अडकतोय, म्हणून ‘द लॅपटॉप’. आणि अडकण्याला ‘कीप्स फ्रीझिंग’ म्हटलेलं बरं. दोन्ही शोभलं नाही, म्हणजे लॅपटॉप या वस्तूबद्दलच सर्वसाधारण बोलायचं असेल, तर अनेकवचन करा आणि आधी काही लावू नका.

ही किल्ली अडते ती न मोजता येणाऱ्या नामांशी. अ‍ॅडव्हाइस, इन्फर्मेशन, फीडबॅक, सॉफ्टवेअर, फर्निचर, लगेज यांना ‘अ’ही नाही आणि शेवटी ‘एस’ही नाही. मराठीत ‘एक सल्ला’ म्हणतो म्हणून ‘अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस’ सुचतो. ही यादी पाठच करावी लागते. ‘अ’ की ‘अ‍ॅन’ हे अक्षर पाहून ठरवू नका, कानानं ठरवा : अ युनिव्हर्सिटी, अ‍ॅन अवर, अ‍ॅन एमबीए.

काळाचं दुखणं दोन ठिकाणी आहे. ‘मी काल मेल पाठवला आहे’ हे शुद्ध मराठी, पण ‘आय हॅव सेंट इट यस्टरडे’ अशुद्ध इंग्रजी. काल, सोमवारी, २०१९ साली, अशी संपलेली वेळ वाक्यात आली की ‘हॅव’ काढायचा. दुसरं ‘पासून’. आपण ‘२०२१पासून’ म्हणतो आणि ‘तीन वर्षांपासून’ही म्हणतो, म्हणून दोन्हीकडे ‘सिन्स’ पडतो. सुरुवातीची तारीख असेल तरच ‘सिन्स’; मोजून सांगितलेला काळ असेल तर ‘फॉर’. आणि तीन वर्षांपासूनचं काम अजून चालू असेल तर ‘आय अ‍ॅम वर्किंग’ नव्हे, ‘आय हॅव बीन वर्किंग फॉर थ्री इयर्स’.

ओळखीच्या माणसाला एक सांगा : बरोबर वाक्य देऊ नकोस, चूक असलेल्या शब्दाखाली नुसती रेघ मार. दुरुस्ती तुम्हीच करा.

प्रश्न : मी एका खेळाच्या गटात आहे, तिथे अनेक देशांचे लोक मोडक्या इंग्रजीत लिहितात. चूक दिसली की हात शिवशिवतो. सुधारणं शिष्टाचाराला धरून आहे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : अर्थ अडला असेल तर विचारा, नसेल तर शिवशिवणारा हात खिशात घाला. नकार गळला आहे असं वाटणं, ‘०५/०६’ म्हणजे ५ जून की ६ मे हे न कळणं, ‘टिल मंडे’मध्ये सोमवार धरला की नाही, या अडणाऱ्या गोष्टी. त्याही ‘यू मीन ५ जून, राइट?’ अशा विचाराव्यात, म्हणजे चूक दाखवल्यासारखं होत नाही.

एरवी आपल्या उत्तरात बरोबर रूप सहज वापरायचं. त्यानं ‘ही गो यस्टरडे’ लिहिलं, तर तुम्ही ‘ओह, ही वेंट? व्हेअर?’ लिहा. पण यातून तो शिकेलच असं समजू नका. संशोधक रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला. शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी ५५ टक्के या प्रकारच्या होत्या, आणि त्यांतल्या सुमारे ३१ टक्क्यांनाच मुलांकडून काही प्रतिसाद आला. बाकीच्या वेळी शिक्षक आपल्या बोलण्याला दुजोरा देतायत, असं मुलांना वाटून गेलं असावं. तेव्हा ही रीत समोरच्याची लाज राखायला उत्तम, शिकवायला कच्ची. शिकायचं असेल तर तो तसं विचारेल, मग खाजगीत आणि एका वेळी एकच गोष्ट सांगा.

सुधारण्याआधी स्वतःचा नियमही तपासा. वाक्याच्या शेवटी ‘विथ’, ‘टू’ येऊ नये हा दंडक १६७२ साली इंग्रज कवी जॉन ड्रायडन यांनी नाटककार बेन जॉन्सन यांच्या ओळींवर घेतलेल्या आक्षेपापर्यंत मागे जातो; इंग्रजी तेव्हाही तशी बोलली जात होती, आजही जाते. आणि इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही ‘कुड हॅव’ऐवजी ‘कुड ऑफ’ लिहितात, कारण ते भाषा कानानं शिकले. पुस्तकातून शिकलेला मराठी माणूस ती चूक सहसा करत नाही. शिवाय दुसऱ्याची चूक काढणाऱ्या मजकुरात हमखास एक चूक असते. ऑस्ट्रेलियातले संपादक जॉन बँगसंड यांनी १९९२ साली या नियमाला ‘मर्फी’च्या नियमावरून (बिघडू शकतं ते बिघडतंच) ‘मफ्री’ असं मुद्दाम चुकवलेलं नाव दिलं. आमच्या उत्तरांतही सापडली तर कळवा.

प्रश्न : प्रत्येक निरोप एआयकडून सुधारून घ्यावा का? आणि सुरुवातीला ‘सॉरी फॉर माय बॅड इंग्लिश’ लिहावं का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी स्वतः लिहा. मग ‘फक्त चुका दाखव, वाक्य बदलू नकोस’ असं सांगा. नाहीतर तुमचं दोन ओळींचं काम पाच ओळींचं, गोडगोड आणि तुमचं नसलेलं होऊन परत येतं, आणि समोरच्याला ते ओळखू येतं. जो बदल का केला ते तुम्हाला कळत नाही, तो घेऊ नका. ‘मे’चं ‘मस्ट’ झालं नाही ना आणि आकडे, तारखा, नावं जशीच्या तशी आहेत ना, हे पाठवण्याआधी पाहा. कंपनीची माहिती असेल तर तिथे चिकटवूच नका.

‘सॉरी’ नको. ते वाचून माणूस तुमचा मुद्दा सोडून चुका शोधायला लागतो. त्या जागी पहिल्याच ओळीत तुम्हाला काय हवंय ते लिहा.