ट्रकच्या जुन्या टर्बोचार्जरपासून जेट इंजिन बनवून शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होईल का?

होईल. ते सायकलला लावून पळवायचा विचार मात्र आत्ताच सोडा.

तुम्ही लिहिलंय की चौघे जण आहात, कॉलेज यवतमाळकडचं, कबाड्याकडे टर्बो पाहून ठेवलाय, गॅस घरच्या सिलिंडरचा वापरणार आणि एप्रिलमध्ये परीक्षकांसमोर चालवून दाखवायचंय. माझं तालुक्याच्या गावी फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. थ्रेशरचे पंखे, कूलरच्या बॉड्या, संत्र्याच्या बागेत फवारणी करणाऱ्या ब्लोअरची दुरुस्ती, हा रोजचा धंदा. दिवाळी झाली की प्रोजेक्टवाली पोरं यायला लागतात आणि त्यात एखादी टोळी टर्बो काखेत मारून येतेच.

टर्बोत कॉम्प्रेसर (हवा ओढून दाबणारं चाक) आणि टर्बाइन (गरम वायूच्या जोरावर फिरणारं चाक) एकाच शाफ्टवर तयार मिळतात, म्हणजे सगळ्यात नाजूक काम कारखान्यानंच करून दिलेलं असतं. मधला दहनकक्ष, म्हणजे दाबलेल्या हवेत गॅस जळतो तो डबा, तेवढा आपण करायचा. पोरांना वाटतं, हे तर नुसतं पाइपाचं वेल्डिंग. गाडी अडते ती तिथेच.

आधी हिशेब मांडू. तुमचा टर्बो सेकंदाला 0.2 किलो हवा ओढतो आणि तिचा दाब दुप्पट करतो असं धरा. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के घेतली तर एवढ्यालाच जवळपास 19 किलोवॅट, म्हणजे 26 एचपी जातात. ही ताकद टर्बाइननं गरम वायूतून काढायची आणि उरलं तर त्याचा झोत. टर्बाइन 65 टक्क्यांचं धरा, दहनकक्षात 5 टक्के दाब वाया गेला असं समजा. टर्बाइनच्या तोंडाशी तापमान 625 डिग्री असेल तर कॉम्प्रेसर फिरवून हाती फारसं काही उरत नाही, झोताचा वेग सेकंदाला शंभरेक मीटर. तेच 750 डिग्रीला नेलं की वेग 230 च्या पुढे जातो. 0.2 गुणिले 230 म्हणजे 46 न्यूटन, आपल्या भाषेत साडेचार किलोचा धक्का. पाठीवरच्या पेट्रोल ब्लोअरचाही धक्का दीड-दोन किलोचा असतो, त्यामुळे आकडा ऐकून नाराज होऊ नका, पण त्यावर माणूस बसवायचा बेतही करू नका. आणखी तापवून आणखी जोर काढू म्हणाल, तर डिझेल गाडीचा टर्बो साधारण 700 ते 750 डिग्रीच्या धुरासाठी बनलेला असतो. त्यापुढे गेलात तर चाक वाचेलच असं नाही.

या सव्वाशे डिग्रीत सगळा प्रोजेक्ट आहे आणि त्या तुमच्या दहनकक्षावर ठरतात. वरच्या हिशेबात गॅस लागतो सेकंदाला 3 ग्रॅमच्या आसपास. हवा 200 ग्रॅम, गॅस 3 ग्रॅम. म्हणजे पासष्टास एक. एलपीजीला नीट जळायला सुमारे साडेपंधरास एक हे प्रमाण लागतं. सगळी हवा एकदम गॅसमध्ये मिसळली तर ते मिश्रण पेटतच नाही. शिवाय एलपीजीची ज्योत शांत हवेत सेकंदाला जेमतेम 40 सेंटीमीटर सरकते, आणि आतला वारा तिच्या कितीतरी पट. वाऱ्यात काडी पेटवताना आपण ओंजळ धरतो, ते काम इथे आतली भोकांची नळी करते. पुढच्या भोकांतून थोडीच हवा येऊन ज्योत धरून ठेवते, मधल्या भोकांतून उरलेला गॅस जळतो, मागच्या मोठ्या भोकांतून बाकीची हवा आत येऊन वायू टर्बाइनला सोसेल इतका थंड करते. हौशी लोकांचा ठोकताळा असा: भोकांचं एकूण क्षेत्रफळ कॉम्प्रेसरच्या तोंडाच्या चाकाएवढं, त्यात पुढे 30, मध्ये 20 आणि मागे 50 टक्के, नळीची लांबी त्या चाकाच्या व्यासाच्या सहापट. सुरुवातीला हेच घ्या, मग भोकं कमीजास्त करा.

एका टोळीनं नळीला सगळीकडे सारखीच भोकं पाडली होती. इंजिन स्वतः हवा ओढेपर्यंत तोंडाशी ब्लोअर लावून पेटवलं तर मागून हातभर जाळ! बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. टर्बाइनचं कव्हर लालबुंद झालं, आणि ब्लोअर काढला की आवाज उतरत जाऊन इंजिन बंद. गॅस नळीत न जळता टर्बाइनच्या पलीकडे जळत होता. पुढची निम्मी भोकं वेल्डिंगनं बुजवली, मागची मोठी केली. मग बाहेर जाळ दिसेना, नुसती हवा थरथरताना दिसायची, आणि ब्लोअर बाजूला घेतल्यावरही शिट्टी चढतच गेली. तेव्हा मागून निघणाऱ्या जाळाचा व्हिडिओ कुणी कौतुकानं दाखवला तर समजून घ्या. नळीला पत्रा स्टेनलेसचाच, 304 ग्रेडचा चालेल. साध्या लोखंडाच्या खपल्या सुटून थेट चाकावर जातात.

घरचा सिलिंडर स्वयंपाकाशिवाय वापरणं कायद्यात बसत नाही, 19 किलोचा व्यावसायिक घ्या. घरचा रेग्युलेटर तसाही कुचकामी, कारण दहनकक्षातच बाहेरच्यापेक्षा 1 बार जास्त दाब असतो आणि तो रेग्युलेटर फार कमी दाबानं गॅस सोडतो. हाय प्रेशरवालाच हवा. सेकंदाला 3 ग्रॅम म्हणजे तासाला 11 किलो झाले, एवढ्या वेगानं सिलिंडर गॅस देऊ शकत नाही. बाहेरून बर्फ धरतो नि दाब पडतो. मिनिटभर चालवायचं आणि थांबायचं. सिलिंडर आडवा करू नका, गरम तर अजिबात करू नका. डिझेल-रॉकेलच्या वाटेला पहिल्या खेपेला जाऊ नका. 1937 च्या एप्रिलमध्ये फ्रँक व्हिटलनं इंग्लंडात आपलं पहिलं जेट इंजिन चालवलं, तेव्हा गळून साचलेल्या इंधनामुळे ते इंधन तोडल्यावरही वेग घेतच राहिलं होतं.

तेलाचं थोडक्यात: शाफ्ट फिरण्याआधी तेल पोचलं पाहिजे, दाब 2 ते 3 बार, परतीची नळी जाड आणि सरळ खाली. गॅस बंद केल्यावरही तेल आणि ब्लोअर चालू ठेवा, नाहीतर बेअरिंगमध्ये तेल जळून कोळसा होतो. चाक फुटलं तर तुकडे बाजूला उडतात. चाकाच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, एचओडी साहेबांनीसुद्धा नाही. कानाला मफ आणि गॅसचा कॉक इंजिनापासून दूर, पण चालवणाऱ्याच्या हाताशी.

एप्रिल मात्र बदला. आपल्याकडे तेव्हा पारा 42-45 ला असतो. डिसेंबरच्या सकाळच्या हवेपेक्षा ती हवा दहाएक टक्के विरळ, आणि कॉम्प्रेसरला लागणारी ताकदही तितकीच जास्त. धक्का उरलेल्यातून मिळत असल्यानं तो टक्केवारीत याहून बराच जास्त घटतो. थंडीत सिलिंडरचा दाब जरा कमी असतो, पण पुरतो. डिसेंबर-जानेवारीत चालवून आकडे घेऊन ठेवा आणि शक्य असेल तर परीक्षेआधी एप्रिलच्या उन्हात पुन्हा घ्या. त्या दोन तक्त्यांतला फरक परीक्षकांना आवाजापेक्षा जास्त आवडेल, माझ्या मते मार्कही त्यालाच आहेत.

मोजायला महागडं काही लागत नाही. के टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) दोन, टर्बाइनच्या आधी आणि नंतर. इंजिन झोपाळ्यासारखं टांगून मागे स्प्रिंगचा काटा. हवेचा वेग मोजायला मेडिकलमधून सलाइनची नळी आणा, यू आकारात फळीवर बांधा, रंगीत पाणी भरा आणि एक टोक पिटो नळीला, म्हणजे वाऱ्याकडे तोंड करून धरलेल्या बारीक नळीला जोडा. 10 सेंटीमीटर फरक दिसला की वेग सेकंदाला 42 मीटर. हे आधी कूलरच्या किंवा फवारणीच्या पंख्यावर वापरून हात बसवा.

टर्बो घेताना कॉम्प्रेसरकडचं नट धरून हलवून बघा. आडवा किंचित हलला तर चालतं, तेल आलं की तो बसतो. पुढे-मागे हलला, किंवा पाती घराला घासल्याची चमक दिसली, तर फुकट मिळाला तरी सोडून द्या. आणि घरी आणून नट खोलू नका, बॅलन्स बिघडतो.