बारा नको, सहा मुलांनी सुरुवात करा

सांगलीत तिघा पालकांनी मिळून ऑटिझम असलेल्या मुलांची शाळा काढायची, तळमजल्यावर तीन खोल्या मिळाल्यात, जूनला बारा मुलं घ्यायची, तर आधी काय करावं, असं तुम्ही विचारलंय. आधी आकडा बदला. सहा मुलं घ्या, आणि तीसुद्धा एकदम नाही. पहिल्या दिवशी दोनच, दीड तासासाठी. मग दर पंधरा दिवसांनी एक वाढवा, गणपतीपर्यंत सहा होतात. नव्या जागी सगळी मुलं एकदम आली की एक रडतं, त्या आवाजाने दुसरं कान झाकून किंचाळतं, तिसरं दाराकडे पळतं. शिक्षिकांचा दिवस राखण करण्यात जातो, कुठल्याच मुलाची ओळख होत नाही आणि दिवाळीपर्यंत एखादी नोकरी सोडते.

सहा मुलांना दोन स्पेशल एज्युकेटर (विशेष शिक्षिका), दोन मावशी, आठवड्यातून दोन दिवस ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आणि दोन दिवस स्पीच थेरपिस्ट, एवढी माणसं लागतात. एज्युकेटरची आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी चालू आहे ना, मुदत कधी संपते, हे प्रमाणपत्र हातात घेऊन बघा. ऑटिझममधलंच डी.एड. किंवा बी.एड. असलेली मिळाली तर उत्तम. बौद्धिक अक्षमतेतलं शिक्षण असलेली मिळाली तरी चालेल, पण तिला चित्रांच्या वेळापत्रकावर, म्हणजे पुढचं काम चित्राने दाखवून, काम करायची सवय लावा. सगळ्यांना मुलं येण्याआधी महिनाभर पगारावर घ्या आणि या पद्धतीचं प्रशिक्षण द्या. मावशींनाही हेच शिकवा, कारण खरं शिकणं डब्याच्या आणि संडासच्या वेळी होतं. मुलाने पोळीचं चित्र हातात देऊन पोळी मागेपर्यंत शिक्षिका थांबते आणि मावशी मायेने घास भरवते, असं झालं की मूल चित्र द्यायला शिकत नाही, मावशीची वाट बघायला शिकतं.

कागदपत्रांत पळवाट शोधू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 50 नुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. आधी धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त संस्था नोंदवा, मग जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात या प्रमाणपत्राची चौकशी सुरू करा. ‘थेरपी सेंटरची पाटी लावा, बाकी नंतर बघू’ असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. पुढे कंपन्यांकडे मदत मागायला गेलात की आयकर खात्याकडची करसवलतीची नोंदणी मागतात, तेव्हा ते कामही पहिल्या वर्षातच उरका.

फी ठरवताना महिन्याचा खर्च सहाने नाही, चारने भागा. कुणाला अर्धी फी परवडते, कुणी मध्येच गावी जातं, एखादी जागा रिकामी राहते. सहा महिन्यांचे पगार बँकेत असल्याशिवाय पहिलं मूल घेऊ नका.

जागा रविवारी बघून पक्की केली असेल तर पुन्हा जा. कामाच्या दिवशी सकाळी दहा ते एक नुसतं बसा. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, गॅरेजचं ठोकणं, पत्र्यावरचा पाऊस आपल्याला ऐकूसुद्धा येत नाही, पण त्यापायी एखाद्या मुलाचा अख्खा दिवस जातो. जुन्या चोकच्या ट्यूब काढून एलईडी लावा. फ्लशच्या आवाजाला घाबरणारं मूल असतंच, तेव्हा मूल बाहेर आल्यावर फ्लश करायचा, हा नियम ठेवा. झोका पंख्याच्या हुकाला कधीही टांगू नका. इंजिनिअरला दाखवून स्लॅबमध्ये वेगळा अँकर बसवा आणि खाली जाड गादी टाका. फाटकाला वरच्या बाजूला कडी आणि जमिनीतल्या टाकीच्या झाकणाला कुलूप हवंच, कारण बऱ्याच मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते. तळमजला आहे, म्हणून 2019 च्या पुराचं पाणी तिथे कुठवर आलं होतं तेही शेजाऱ्यांना विचारा.

वेळापत्रकाची चित्रं इंटरनेटवरून घेऊ नका. तुमच्याच चटईचा, तुमच्याच नळाचा, त्याच मुलाच्या डब्याचा फोटो काढा, साधारण दोन इंच चौरस कापा, लॅमिनेट करा. वेल्क्रोची मऊ बाजू कार्डावर की पाटीवर, हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. दोघींनी उलटसुलट लावलं की कार्डं चिकटत नाहीत आणि मूल हातात कार्ड घेऊन अडकून बसतं. काम झालं की कार्ड ‘संपलं’च्या डब्यात. फोटो कळत नसेल तर वस्तू द्या: वाटी म्हणजे जेवण, चप्पल म्हणजे बाहेर. एका मुलाला सुरुवातीला दोनच कार्डं पुरतात, आत्ता आणि नंतर. दहा कार्डांची पट्टी भिंतीवर छान दिसते, मुलाला तिचा काही उपयोग नसतो.

उद्दिष्ट लिहिताना ‘स्वच्छता येईल’ असं लिहू नका. ‘हात धुण्याच्या आठ टप्प्यांपैकी सहा स्वतः करेल, सलग तीन दिवस’ असं लिहा, म्हणजे तीन महिन्यांनी जमलं का ते कळतं. मूल चावलं, डोकं आपटलं, तर आधी काय झालं, नेमकं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं, या तीन रकान्यांत त्याच दिवशी नोंद करा. दोन आठवड्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की बहुतेक वेळा कारण दिसतं. वागणं अचानक बदललं असेल तर आधी दात, कान, बद्धकोष्ठता तपासून घ्या. न बोलणारं मूल दुखणं असंच सांगतं.

पालकांना ‘बरं करू’ असं कधीही सांगू नका. फोटो समाजमाध्यमांवर न टाकण्याचा नियम प्रवेशाच्या कागदावरच ठेवा, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याची, गाडीच्या चालकाचीसुद्धा, पोलीस पडताळणी करून घ्या.

आणि फिट. ऑटिझमसोबत अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, बऱ्याच मुलांना असतो, म्हणून प्रत्येकाच्या औषधांची यादी आणि डॉक्टरांचा फोन दाराजवळ न ठेवता कपाटाच्या आतल्या बाजूला लावा, बाहेरच्यांना दिसायला नको. फिट आली की घड्याळ बघा, मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं फर्निचर सरकवा. तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. ही पहिलीच फिट असेल, पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर 108 ला फोन करा. याची रंगीत तालीम मावशींसकट सगळ्यांकडून दर तीन महिन्यांनी करून घ्या.