शेरे न वाचलेली फाइल

‘मी इतका आळशी कसा?’ असं विचारत माझ्याकडे समुपदेशनाला येणारी माणसं बहुधा आळशी नसतातच. पीएच.डी. करणारा एक विद्यार्थी असाच आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) गाइडनी एका प्रकरणावर शेरे मारून फाइल परत पाठवली होती. दुरुस्त्या करून द्यायच्या, एवढंच काम, पण ते कित्येक महिने पडून होतं. दरम्यान त्याने कपाटं आवरली, संदर्भसूची पुन्हा पुन्हा लावली, मित्राच्या प्रबंधाचं मुद्रितशोधनही करून दिलं. आता आळशी माणूस दुसऱ्याचं मुद्रितशोधन कशाला करेल?

झोप, भूक, लहानपणापासूनची एकाग्रता हे मी आधी विचारून घेतलं. नैराश्य किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड करणारी स्थिती) हेसुद्धा चालढकलीसारखे दिसू शकतात आणि तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणंच बरं. इथे तसं काही दिसलं नाही.

त्याने सोबत वेळापत्रक आणलं होतं. पहाटेपासून रात्रीपर्यंतचं, रंगीत. बघूनच मला दम लागला. ते बाजूला ठेवून विचारलं, ‘फाइल उघडायला जाता तेव्हा नेमकं काय होतं?’

‘पोटात गोळा येतो मॅडम. वाटतं, सरांनी लिहिलं असेल, हे तुला जमणार नाही.’

शेरे त्याने वाचलेच नव्हते.

गाठ इथे होती. फाइल टाळली की गोळा विरतो, लगेच हायसं वाटतं, आणि मन तेवढंच शिकतं: टाळलं की सुटका. चालढकलीवर वर्षानुवर्षं काम केलेले कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमथी पिचिल हेच सांगत आले आहेत. प्रश्न घड्याळाचा कमी, नकोशा भावनेचा जास्त. मग वेळापत्रक कितीही रंगवा.

त्यात हा रोज रात्री स्वतःला शिव्या घालायचा. पिचिल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ११९ विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या परीक्षेआधीच्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या तयारीत कमी चालढकल केली. त्याला हे पटेना. ‘म्हणजे स्वतःचे लाड करायचे?’ लाड नाहीत. चालढकल झाली हे कबूल करायचं, फक्त शिव्या थांबवायच्या. प्रत्येक शिवीमागे त्या फाइलला आणखी एक वाईट भावना चिकटते.

पुढच्या भेटीत त्याने माझ्यासमोरच फाइल उघडली. दुरुस्ती करायची नाही, नुसतं वाचायचं, असं ठरलं होतं. बरेचसे शेरे किरकोळ निघाले: चुकलेले संदर्भ, दोनदा आलेला तक्ता. एक मात्र खरंच झोंबणारा होता: ‘विवेचन वरवरचं.’ त्याचा चेहरा उतरला. तशा चेहऱ्यानेच तो खालचे शेरे वाचत राहिला. माझ्या लेखी त्या दिवसाचं मोठं काम ते.

मग एक छोटा नियम केला. आंघोळ झाली की टेबलाशी बसायचं आणि एकच शेरा हातात घ्यायचा. गोळा आला, तर तो असतानाच पहिलं वाक्य लिहायचं. ‘अमुक झालं की तमुक करायचं’ असं आधीच ठरवून ठेवण्याचा मार्ग मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी मांडला. साधा वाटतो, पण नुसत्या ‘उद्यापासून नक्की’पेक्षा तो कितीतरी टिकतो.

मध्येच दोन दिवस खंड पडला आणि ‘सगळं मुसळ केरात’ म्हणत तो आला. एकवीस दिवसांत सवय लागते, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. लंडनमधल्या संशोधक फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस हुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. आकडे ऐकून तो जरा सैलावला.

सुधारलेलं प्रकरण गेलं, त्यावर नवे शेरेही आले. ते उघडायला त्याला दोन दिवस लागले. पुढचं प्रकरण मात्र सुरूच होत नाहीये. तिथे भीती शेऱ्यांची नाही, कोऱ्या पानाची आहे. सध्या आम्ही त्यावर बोलतोय.